काहीच सांगितलं नाही तर? : शाळेतल्या संगणकाच्या डिफॉल्ट सेटिंग्ज



आज जरा वेगळ्या विषयावर लिहितेय. संगणकाचं बटण दाबलं आणि पडद्यावर नेहमीचं चित्र आलं, या मधल्या मिनिटभरात आत काय चालतं याकडे आपण मोठी माणसं सहसा बघत नाही. मुलं बघतात. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या की तिसरीतली मुलं विचारतात, "बाई, तो काय लिहितोय?"

मी त्यांना सांगते, त्याचा परिपाठ चाललाय. हे उत्तर नुसतं वेळ मारून नेण्यासाठी नाही, ते बरंचसं खरं आहे. शाळा कशी सुरू होते? शिपाईमामा गेट उघडतात, वर्गांची कुलपं काढतात, घंटा होते, रांगा लागतात, राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, दिनविशेष आणि मग हजेरी. क्रम ठरलेला असतो. कुलपं काढायच्या आधी हजेरी होत नाही. संगणकातही तसंच. लिनक्स असलेल्या यंत्रात सगळ्यात आधी एक प्रोग्राम जागा होतो. त्याचा हजेरी क्रमांक कायम १. तो बाकीच्यांना क्रमाने उठवतो: आधी डिस्क तपासणारा, मग घड्याळ, कीबोर्ड, आवाज, नेटवर्क आणि शेवटी आपल्याला दिसणारं चित्र. या प्रत्येकाला उठवायच्या सूचना छोट्या छोट्या फाइलींत लिहिलेल्या असतात. त्यांना स्टार्टअप स्क्रिप्ट म्हणतात. जुन्या पद्धतीत तर या फाइलींच्या नावातच क्रमांक असायचे. सुरू करायच्या फाइलीपुढे एस, बंद करायच्या फाइलीपुढे के आणि त्यानंतर ०१, ०२, ०३. अगदी आपल्या हजेरीपटासारखं.

आमची शाळा घाटकोपर पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला आहे. अनुदानित, मराठी माध्यम. संगणक कक्षात अकरा यंत्रं आहेत, सगळी एका ऑफिसने वापरून झाल्यावर दिलेली. तासिका ३५ मिनिटांची. जिना चढून येणे, चपला काढणे, 'मी तिच्याशेजारी नाही बसणार' हे सगळं धरून हातात उरतात २५ मिनिटं. त्यामुळे यंत्र सुरू होताना कुठे अडलं तर तो तास गेला असं समजायचं. आणि आमच्याकडच्या बऱ्याच मुलांना आठवड्यात संगणकाचा हाच एक तास मिळतो. घरी संगणक नाही, मोबाइल आहे तो बाबांचा, तोही रात्री.

२०१४ मध्ये आमच्या एका माजी विद्यार्थ्याने, तेव्हा तो डिप्लोमा करत होता, या यंत्रांवर डेबियन बसवून दिलं. डेबियन ही लिनक्सची एक मोफत मिळणारी आवृत्ती. १९९३ मध्ये इयन मरडॉक यांनी सुरू केली. नावातला 'डेब' त्यांच्या मैत्रिणीच्या डेब्रा या नावातून आणि 'इयन' स्वतःच्या नावातून घेतला. मुलांना ही गोष्ट फार आवडते. मग ती आपापल्या बाकावरच्या जोडीदाराशी नावं जोडून बघतात.

मी डीएड केलेली बाई, संगणकाची पदवी वगैरे काही नाही. पण पवईला आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरिअल म्हणून प्रकल्प आहे, त्यात लिनक्सचे धडे मराठी आवाजात मिळतात. ते ऐकून आणि त्या मुलाला फोन करून करून मी शिकले. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट म्हणजे डिफॉल्ट.

डिफॉल्ट म्हणजे आपण काहीच सांगितलं नाही तर जे होतं ते. बाई रजेवर गेल्या, काही निरोप ठेवला नाही, तर त्यांच्या वर्गाचं काय होतं? काही शाळांत शेजारच्या वर्गाचं दार उघडं ठेवतात, काही शाळांत मुलं दोन वर्गांत वाटून बसवतात, काही ठिकाणी गोंधळ होतो. गोंधळ हेसुद्धा डिफॉल्टच, फक्त ते कोणी बसून ठरवलेलं नसतं.

डेबियनने आपल्या प्रोग्राम बनवणाऱ्यांसाठी एक नियमावली केली आहे. त्यातला स्टार्टअप स्क्रिप्टबद्दलचा भाग मला एखाद्या चांगल्या मुख्याध्यापकांनी लिहिल्यासारखा वाटतो. त्यात सांगितलंय की जी गोष्ट वापरणाऱ्याला बदलावीशी वाटू शकते ती स्क्रिप्टच्या पोटात लपवू नका. 'डिफॉल्ट' नावाच्याच एका वेगळ्या फोल्डरमध्ये छोटी फाइल ठेवा आणि त्यात फक्त सेटिंग्ज आणि त्यांच्या टिपा लिहा. आणि पुढचं वाक्य त्याहून भारी आहे: ती छोटी फाइल उद्या कोणी काढून टाकली, तरी स्क्रिप्ट बंद पडता कामा नये, तिने समंजसपणे वागलं पाहिजे. म्हणून प्रत्येक सेटिंगसाठी स्क्रिप्टने स्वतःजवळही एक किंमत ठेवायची. फाइलीत काही लिहिलेलं सापडलं तर ते घ्यायचं, नाही सापडलं तर जवळचं वापरायचं.

'समंजस' हा शब्द आपण मुलांसाठी वापरतो. कोणी सांगायला नसताना जे मूल बरं वागतं ते समंजस. यंत्राकडून इतकीच अपेक्षा.

पण बरं म्हणजे कोणासाठी बरं? इथेच खरी मेख आहे.

एका पावसाळ्यात तास चालू असताना दिवे गेले. परत आल्यावर यंत्रं सुरू केली तर तीन यंत्रांवर नुसता काळा पडदा. त्यावर इंग्रजीत एक ओळ: दुरुस्तीसाठी मुख्य पासवर्ड द्या. समोर आठ वर्षांची दोन-दोन मुलं. त्यातल्या एका मुलीने स्वतःचं नाव टाइप करून बघितलं, कारण पासवर्ड म्हणजे 'आपण कोण ते सांगणं' असं तिला कोणीतरी सांगितलं होतं.

झालं होतं असं. वीज अचानक गेली की डिस्कवरच्या नोंदी अर्धवट राहू शकतात. म्हणून सुरू होताना डिस्क तपासणारी स्क्रिप्ट आधी चालते. किरकोळ चूक असेल तर ती स्वतःच दुरुस्त करते. मोठी असेल तर थांबते आणि माणसाला विचारते. मोठ्या चुकाही आपोआप दुरुस्त करायच्या का, याची एक सेटिंग त्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये होती. तिची मूळ किंमत होती 'नो'.

मी त्या मुलाला फोनवर म्हटलं, "अरे, असं कोणी का ठरवलं असेल? शाळेत कोण बसलंय पासवर्ड द्यायला?"

तो म्हणाला, "बाई, ते शाळेसाठी ठरवलेलं नाही. त्याला वाटतं समोर जाणकार माणूस बसलाय. दुरुस्ती करताना एखादी फाइल कायमची जाऊ शकते, म्हणून तो विचारून करतो."

आणि ते चूक नाहीच. एखाद्या बँकेच्या यंत्राने न विचारता फाइली इकडच्या तिकडे केल्या तर चालेल का? 'नो' ठरवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक माणूस होता: यंत्राची जबाबदारी असलेला, पासवर्ड माहीत असलेला, वेळ असलेला. आमच्या कक्षात तो माणूस नाही. आमच्याकडे आहेत अठ्ठावीस मुलं आणि एक बाई, आणि बाई त्या वेळी कोणाच्या तरी नाकातून रक्त आलंय म्हणून बेसिनपाशी उभी असू शकते.

म्हणून आम्ही मुलांच्या यंत्रांवर त्या 'नो'चं 'येस' केलं. पुढे नवी आवृत्ती टाकल्यावर, म्हणजे २०१५ पासून डेबियनने सुरुवात करून देण्याची पद्धतच बदलली त्यानंतर, हीच गोष्ट दुसऱ्या फाइलीत लिहावी लागते. पण अर्थ तोच. मुलांच्या यंत्रावर असं काय असतं? रंगवलेली घरं, 'माझी शाळा' निबंधाच्या चार ओळी. त्याची प्रत मी शनिवारी पेनड्राइव्हवर घेतेच. एखादी फाइल गेली तर मूल थोडं रुसेल, पण तास वाचेल. ऑफिसातल्या संगणकाला मात्र मी हात लावू दिला नाही. तिथे दाखले आहेत, पगारबिलं आहेत. तिथे यंत्राने अडून बसलेलंच बरं, क्लार्कदादा असतात समोर. एकाच इमारतीत, एकाच प्रोग्रामसाठी दोन उलटी उत्तरं, आणि माझ्या मते दोन्ही बरोबर.

दुसरा त्रास थांबण्याचा. आमच्या एका यंत्रावर सगळ्यांचा सामायिक फोल्डर आहे, बाकीची दहा यंत्रं सुरू होतानाच तो जोडून घ्यायची. आता ते एक यंत्र बंद असेल तर? बाकीची दहाही वाट बघत बसायची. पडद्यावर लाल तारका इकडून तिकडे पळतात आणि शेजारी सेकंद मोजले जातात. थांबायची डिफॉल्ट मुदत ९० सेकंद. मोठ्या संस्थेत मागचं यंत्र उशिरा जागं होत असेल, तर ९० सेकंद थांबणं शहाणपणाचं. पण दीड मिनिट काय असतं हे तिसरीच्या वर्गासमोर उभं राहिलेल्यालाच कळतं. चाळिसाव्या सेकंदाला कोणीतरी बटण पुन्हा दाबतं. मग परत पहिल्यापासून, आणि वर डिस्कची तपासणी.

यावरचा उपाय एका शब्दाचा निघाला. फोल्डर जोडायच्या ओळीत लिहायचं की हा नाही मिळाला तरी चालेल, पुढे जा. शिवाय असंही सांगता येतं की कोणी तो फोल्डर प्रत्यक्ष उघडला तरच जोडायला जा. हे न लिहिल्यास यंत्र धरून चालतं की यादीतली प्रत्येक गोष्ट अत्यावश्यक आहे. हाच शब्द नसल्यामुळे आणखी एक यंत्र दोन आठवडे बंद पडून होतं. त्यातली जादाची डिस्क काढून दुसरीकडे लावली होती, आणि हे बिचारं रोज ९० सेकंद तिची वाट बघून दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावर जाऊन बसायचं. दिनविशेष वाचणारा मुलगा गैरहजर म्हणून आपण शाळा सोडून देतो का?

घड्याळाची गंमत वेगळीच. जुन्या यंत्रात घड्याळ चालू ठेवणारा रुपयाच्या नाण्यासारखा सेल असतो. तो संपला की यंत्र बंद होताच वेळ विसरतं आणि सुरू होताना कुठल्यातरी जुन्या वर्षात जागं होतं. मुलांना त्याचं काही नाही. पण बालभारतीची पुस्तकं किंवा दीक्षावरचा धडा उघडायला गेलं की ब्राउझर नकार देतो. सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं, त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' लिहिलेलं असतं. यंत्राच्या हिशोबाने ती सुरुवातीची तारीख अजून आलेलीच नसते. इथे नव्या पद्धतीचं डिफॉल्ट मला फार पटलं: इंटरनेट असेल तर खरी वेळ विचार, नसेल तर निदान मागच्या वेळी बंद होताना जी वेळ नोंदवली होती तिच्या मागे जाऊ नकोस. वेळ अचूक नसेल, पण २००० सालात तरी जाणार नाही. सेल मात्र बदलून घ्या, फार महाग नसतो.

जाता जाता. संगणकात वेळेचा पट्टा निवडताना मुंबई हे नाव सापडत नाही, कोलकाता निवडावं लागतं, यावर पाचवीतल्या एका मुलाने माझ्याशी वाद घातला. मग मी त्याला सांगितलं की भारताची एकच प्रमाणवेळ १९०६ मध्ये सुरू झाली, तरी मुंबई कितीतरी वर्षं स्वतःचीच वेळ पाळत होती, प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटं मागे. म्हणजे आपल्या शहराने पूर्ण देशाचं डिफॉल्ट नाकारून स्वतःचं चालवलं होतं. तो खूश. पुढच्या तासाला आम्ही ५ तास ३० मिनिटांतून ४ तास ५१ मिनिटं वजा केली. हातच्याची वजाबाकी इतक्या आवडीने क्वचित होते.

आता भाषेकडे येते, कारण पालकसभेत यावरच बोलणं होतं. यंत्र सुरू झाल्यावर कीबोर्ड कोणत्या भाषेत असावा? बसवताना कोणी काही सांगितलं नाही तर इंग्रजी. मराठी लागेल तेव्हा दोन कळा दाबून बदला. ऐकायला काही अडचण वाटत नाही. पण मी दोन वर्षं बघितलं की 'लागेल तेव्हा' कधी लागतच नाही. मुलं आपलं नाव इंग्रजी अक्षरांत लिहायची, आईचं नावही इंग्रजी अक्षरांत लिहायची. एकीने मला विचारलं होतं, "बाई, याला मराठी येतं?" मराठी माध्यमाच्या शाळेत, मराठीच्या तासाला.

आता मुलांच्या खात्यात इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधी येतो आणि इंग्रजी नंतर. इनस्क्रिप्ट ही भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रमाण केलेली मांडणी: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. क, ख एकाच कळीवर. ग, घ एकाच कळीवर. बाराखडी येणाऱ्या मुलाला ती पटकन समजते, आपल्यालाच जड जाते. एक अडचण आली ती सांगून ठेवते. पूर्ण यंत्रासाठीच मराठी पहिली केली, तर सुरुवातीच्या पडद्यावर पासवर्ड टाइप करताना तीच येते आणि इंग्रजी पासवर्ड काही केल्या लागत नाही. म्हणून सुरुवातीचा पडदा इंग्रजीत ठेवला, आणि मुलांचं खातं पासवर्डशिवाय उघडून मराठीत. सुरू होण्याचे दोन टप्पे, दोघांची डिफॉल्टं वेगळी.

पालकांचं म्हणणं मला कळतं. एक आई म्हणाल्या, "बाई, पुढे सगळं इंग्रजीतच आहे, मग हे कशाला?" त्यांना मी करूनच दाखवलं. इंग्रजी गेलेलं नाही, दोन कळांवर आहे. फक्त आधी कोण येणार हे बदललंय. डिफॉल्ट बदलणं म्हणजे बंदी घालणं नव्हे. पण जे आधी येतं तेच बहुतेक जण वापरतात, हेही खरं, आणि म्हणूनच ते आधी येणारं मी नुसतं येईल तसं सोडायला तयार नाही. केरळने तर याच विचाराने सरकारी पातळीवर शाळांसाठी स्वतःची लिनक्स केली, मल्याळमसह. एकदा एका जागी नीट ठरवलं की हजारो शाळांतल्या शिक्षकांना अकरा अकरा यंत्रांवर फिरत बसावं लागत नाही.

आणखी एक डिफॉल्ट आम्ही काढून टाकलं: 'मागच्यासारखंच'. आवाज मागच्या वेळी जेवढा होता तेवढाच ठेवायचा, चित्र मागचंच, खिडक्या मागच्याच. घरच्या संगणकाला हे छान, कारण तिथे मागचा माणूस आणि आत्ताचा माणूस एकच असतो. शाळेत मागचा माणूस सातवीतला असतो आणि आत्ताचा पहिलीतला. त्यामुळे आता प्रत्येक वेळी सुरू होताना आवाज मध्यम, चित्र शाळेचं, डावीकडे चारच चिन्हं. उजवीकडचे अंक उमटतील अशी कळही आधीच सुरू. ती बंद असायची आणि पहिलीची मुलं १ ते १० लिहायला गेली की कर्सरच पळत सुटायचा.

अपडेटचंही थोडक्यात सांगते. ते आपोआप होण्याची मूळ वेळ सकाळी सहाच्या सुमाराची. तेव्हा शाळेतली यंत्रं बंद. मग चुकलेलं काम ती सुरू झाल्या झाल्या करायला घेतात, अकराच्या अकरा एकदम, आणि तेही तासाच्या वेळी. अपडेट बंद करू नका, ती सुरक्षेसाठी लागतात. आम्ही ती शनिवारी शाळा सुटल्यावरच्या वेळेवर टाकली आणि तेवढा वेळ यंत्रं चालू ठेवतो.

हे सगळं मी एका वहीत लिहून ठेवलंय: कोणती फाइल, आधी काय होतं, आता काय आहे आणि का. 'का' हा रकाना मुद्दाम मोठा आखला. कारण आमचा पट कमी होतोय. संचमान्यतेत एक पद कमी झालं तर मी अतिरिक्त ठरू शकते, मग समायोजन होईल, मुलुंडला किंवा बोरिवलीला, जिथे जागा असेल तिथे. माझ्या जागी येणाऱ्या बाईंना वही सापडेलच असं नाही. सापडली नाही तरी बटण दाबल्यावर यंत्र सुरू व्हायला हवं, मराठी यायला हवं, आवाजाने कोणी दचकायला नको. तेवढं जमलंय. वही हरवण्याची परीक्षा मी घेऊनसुद्धा बघितली. आमच्या पीटीच्या सरांना किल्ली दिली, काही सांगितलं नाही आणि तास घ्यायला लावला. अकरापैकी दहा यंत्रं पहिल्याच बटणाला सुरू झाली. अकराव्याची वायर निघाली होती.

चौथीच्या काही पालकांनी आता उच्चाराप्रमाणे टाइप करायची पद्धत मागितली आहे, मोबाइलसारखी, इंग्रजीत 'एएआय' लिहिलं की 'आई' उमटणारी. माझं मत अजून इनस्क्रिप्टकडे आहे. तरी शेवटच्या दोन यंत्रांवर ती पद्धत आधी येईल असं करून ठेवलंय, दिवाळीपर्यंत मुलं कुठे जाऊन बसतात ते बघते. तुमच्या शाळेत कोणता कीबोर्ड आधी येतो, आणि तो कोणी ठरवला, हे जरूर कळवा.